बत्तिशीच्या उणिवांची वही

आमच्या दातांच्या लॅबमध्ये ताईला सगळे कवळीताई म्हणतात. ती कवळ्या करते आणि मी शेजारच्या टेबलावर बसून दातांवर बसवायच्या कॅपा घासते. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, डबीत घालून आमच्याकडे पाठवतात आणि चार-पाच दिवसांनी आम्ही त्या डबीतून दात परत पाठवतो. पेशंट आम्हाला दिसत नाहीत, आम्ही पेशंटना दिसत नाही. पण ताईला नुसतं माप बघून माणूस कळतो. "हा उजव्या बाजूनंच चावतो. ही बाई झोपेत दात खाते. आणि याची बायको बोलते तेव्हा हा दात आवळून ऐकत बसतो." यातलं शेवटचं खरं की थाप, हे तपासायची संधी अजून कोणाला मिळालेली नाही.

ताईचं वय एकावन्न. चष्मा कपाळावर, आणि बोटांना कायम गुलाबी पावडर लागलेली. तेवीस वर्षं ती त्याच खिडकीशी बसते. या काळात खुर्ची तीनदा बदलली, ताई नाही.

कवळीच्या कामात थांबणं फार असतं. प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघा, मेण गार व्हायची वाट बघा. हिरडीची गुलाबी पावडर द्रवात कालवली की आधी ती ओल्या वाळूसारखी होते, मग तिला चिकट तारा सुटतात आणि मग कुठे तिचा कणकेसारखा गोळा जमतो. त्याला सात-आठ मिनिटं जातात. पूर्वी त्या वेळात ताई आम्हाला घरच्या गोष्टी सांगायची. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिने गोष्ट सांगायच्या ऐवजी मोबाइल काढला आणि त्यावर बुद्धिबळ खेळायला लागली. तीन मिनिटांचा डाव. म्हणजे तुला तीन, मला तीन. ज्याचं घड्याळ आधी संपलं तो हरला, मग पटावर त्याची कितीही फौज उभी असो. फार लांबला तरी डाव सहा मिनिटांत खलास.

"हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?" मी विचारलं.

"भावजींनी घातलं," ताई म्हणाली आणि पडद्यावरचा घोडा असा काही ढकलला, की तो भावजींच्या डोक्यातच बसावा.

भावजी म्हणजे तिचे धाकटे दीर. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेला माणूस, आता निवृत्त. ताईच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटे राहतात आणि संध्याकाळी सहाला वर चहाला येतात. सहा म्हणजे सहा. पाच अठ्ठावन्नला आले तर दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहतात. ताईचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लटकून आल्यामुळे असेल, पण त्यांचं बोलणंही अर्ध्यातच थांबतं. त्यामुळे त्या घरात संध्याकाळी बोलतात ते भावजी, आणि ऐकतात ते बाकीचे.

ताईचं लग्न झालं त्या वर्षी भावजींनी तिला बुद्धिबळ शिकवलं. शिकवलं म्हणजे सोंगट्या कशा चालतात ते सांगितलं आणि लगेच बारा चालींत मात केली. वर म्हणाले, "वहिनी, हे भाजी चिरण्यासारखं नाही. इथे आधी विचार करावा लागतो." पुढची सव्वीस वर्षं महिन्यातून दोन-तीनदा पट मांडला जायचा, ताई हरायची, आणि भाजी चिरली जायची.

"मला भाजीचा राग नाही गं," ताई मला म्हणाली होती. "भाजी चिरतानासुद्धा विचार करावा लागतो, हे त्या माणसाला माहीत नाही. राग त्याचा आहे."

भावजी निवृत्त झाले आणि मोबाइलवर खेळायला लागले. चहाच्या वेळी रोजची बातमी असायची. आज इतके जिंकलो, आज रेटिंग अमुक झालं. रेटिंग म्हणजे तुमच्या खेळाचा आकडा. जिंकलात की वाढतो, हरलात की घसरतो. भावजींचा होता अकराशे पन्नास. खेळताना त्यांनी घेतलेलं नाव होतं 'मोजपट्टी', आणि ते त्यांनी स्वतःच, कोणी न विचारता, तीनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईने लॅबमध्ये खातं उघडलं. नाव काय घ्यावं? तिच्या समोर मेणात नुकतेच बसवलेले दोन जबडे होते. तिने लिहिलं, 'बत्तिशी'.

सुरुवातीला तिची दशा बघवत नव्हती. आकडा सातशे साठ. मोजपट्टीला आव्हान दिलं की तो लगेच स्वीकारायचा, कारण दुबळ्याला हाणायला त्याला फार आवडायचं. दीड मिनिटात ताईचा वजीर जायचा आणि खाली मोजपट्टीचा निरोप यायचा, 'छान प्रयत्न. पुन्हा या.' ताई उत्तरादाखल फक्त एक चित्र पाठवायची, सगळे दात दाखवून हसणाऱ्या चेहऱ्याचं.

संध्याकाळी चहाला तीच बातमी तिला परत ऐकायला मिळायची.

"आज त्या बत्तिशीला पाच वेळा लोळवलं," भावजी सांगायचे. "काय येडा माणूस आहे! हरतो आणि वर दात काढतो."

"बत्तिशी? हे कसलं नाव?" ताई साखर ढवळत विचारायची.

"पटावर बत्तीस मोहरी असतात ना, वहिनी. म्हणून बत्तिशी. तुमच्या नाही लक्षात यायचं ते."

ताईने मान डोलावली. यजमानांनी कपात तोंड खुपसलं. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आठ महिने असे गेले. ताई रोज तीस-चाळीस डाव खेळायची. घरी कांदा परततानासुद्धा एक हात मोबाइलवर. डावाच्या विचित्र नावांच्या सुरुवाती शिकवणाऱ्या चित्रफिती बघायची. आकडा मात्र सातशे साठवरून सातशे ऐंशीवर जायचा, तिथे जरा वारा खायचा आणि परत खाली यायचा.

एका दुपारी ती एक नवी कवळी तपासत होती. वरचा आणि खालचा जबडा यंत्रावर बसवून मध्ये निळा कागद धरायचा आणि चावा द्यायचा. जिथे दात जास्त उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका घासायचा, बाकीच्या कवळीला हात लावायचा नाही. ताईचा हात अर्ध्यात थांबला.

"अगं, मी काय करतेय हे आठ महिने?" ती मला म्हणाली. "सगळी कवळी घासत बसलेय!"

त्या दिवसापासून तिने डाव कमी केले आणि हरलेले डाव परत बघायला लागली. प्रत्येक हरलेल्या डावासाठी लॅबच्या जुन्या रजिस्टरच्या पाठच्या पानावर एकच ओळ. 'वेळ संपला.' 'वेळ संपला.' 'हत्ती फुकट दिला.' 'वेळ संपला.' पन्नास डावांनंतर एक ठिपका स्वच्छ दिसला. पहिल्या दहा चालींतच तिचं दीड मिनिट उडत होतं. मग तिने सगळ्या फिती सोडून दिल्या. पांढऱ्याकडून एकच सुरुवात, काळ्याकडून एकच. पहिल्या आठ चाली तिने इतक्या घोटल्या, की बोटांना त्या डोक्याच्या आधी आठवायच्या. तीन आठवड्यांत आकडा साडेआठशे झाला. त्या आठवड्यात मोजपट्टी तिच्याकडून तीनदा हरला.

पण पुढचे ठिपके काही दिसेनात. हरायची, रजिस्टरमध्ये लिहायची, आणि तिला वाटायचं की प्रत्येक डाव वेगळ्याच कारणाने गेला. "दुसऱ्याचं तोंड बघायला आरसा लागत नाही," ती कुरकुरली. "स्वतःचं बघायचं म्हटलं की पंचाईत."

तो आरसा तिला चहाच्या टेबलावर मिळाला.

तीन पराभव भावजींच्या जिव्हारी लागले होते. मोजणीवाला माणूस तो. सहाच्या ठोक्याला आले ते काखेत लांबट, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन. "त्या बत्तिशीचे सगळे डाव काढून बसलो," ते म्हणाले. "हा माणूस कुठे कच्चा आहे ते शोधून काढलंय. आता बघाच तुम्ही."

"वाचा ना," ताई म्हणाली. आवाज जितका निर्विकार ठेवता आला तितका ठेवला.

"तुम्हाला काय कळणार? पण ऐका. एक. कोपऱ्यात बसलेला उंट याला दिसत नाही. तिरप्या रेषेत लांबून कोणी डोळा लावून बसलं असलं, की हा हमखास मोहरा तिथेच नेऊन ठेवतो. दोन. राजाला खिडकी ठेवत नाही. तीन प्याद्यांच्या मागे कोंडून घेतो, मग हत्ती शेवटच्या ओळीत उतरला की संपलं. तीन. जिंकत आलेला डाव याला संपवता येत नाही. राजा आणि हत्ती हाताशी असून समोरच्या एकट्या राजाला पटभर हिंडवत बसतो आणि घड्याळ संपवतो."

ताईने उठून त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. सव्वीस वर्षांत न मागता मिळालेला तो पहिला दुसरा कप.

"आणखी असलं काही, तर सांगत जा हं भावजी," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आली ती नाचतच. तिरप्या उंटाची पंधरा कोडी सोडवल्याशिवाय एकही डाव खेळायचा नाही, असा नेम केला. प्रत्येक चालीआधी चारी कोपऱ्यांकडे नजर टाकायची. डोळ्यांना ती सवय अशी लागली, की ती माझ्याशी बोलतानासुद्धा आधी खोलीच्या चारी कोपऱ्यांकडे बघायची. आठवड्याभराने राजाची खिडकी. कडेचं प्यादं एक घर पुढे, न विसरता. मग हत्ती आणि राजा घेऊन एकट्या राजाला मात करायची, मशिनविरुद्ध, रोज दहा वेळा, घड्याळ लावून. पहिल्यांदा सत्तर सेकंद लागले. महिनाअखेर वीस.

भावजी दर चार दिवसांनी वही आणत आणि नवीन उणिवा वाचत. ताई दर चार दिवसांनी त्या भरून काढत होती. पाच महिन्यांत बत्तिशीचा आकडा अकराशे पंच्याऐंशी झाला. मोजपट्टीचा अकराशे वीसवर आला. कानामागून आली आणि तिखट झाली, तसं झालं.

"हा माणूस नाहीच," एका संध्याकाळी भावजींनी जाहीर केलं. "हे कॉम्प्युटर आहे. मी कुठलं भोक शोधलं की आठवड्यात बुजवतं. मी साइटकडे तक्रार केलीय."

ताईला बिस्किटाचा ठसका लागला. यजमानांनी पाठीवर थोपटलं. चार दिवस तिने खात्याला हात लावला नाही, फोन उलटा ठेवला. खातं बंद झालं तर? आणि भावजी? ते तर पार कोमेजले. चहा निम्मा ठेवून म्हणाले, "चार दिवस आला नाही तो. आजारी तर नसेल?"

पाचव्या दिवशी साइटचं उत्तर आलं. खातं तपासलं, खेळणारा माणूसच आहे, काही गैर नाही. भावजींनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि गप्प झाले. ताईला हायसं वाटलं. तिथेच ती चुकली. मोजणीवाला गप्प बसतो तेव्हा तो मोजत असतो.

भावजींनी घरी जाऊन वही उघडली आणि तारखा मांडल्या. बत्तिशीने भोकं बुजवली होती ती कुठल्या क्रमाने? तर ज्या क्रमाने त्यांनी ती वरच्या मजल्यावर वाचली होती त्याच क्रमाने. वहीत लिहिलेली पण वाचायची राहून गेलेली एक उणीव अजून तशीच शाबूत होती.

नोकरीत असताना भावजींची एक युक्ती होती. कोणी आपला नकाशा चोरून उतरवतोय असा संशय आला की ते नकाशात हद्दीचा एक खोटा दगड दाखवायचे. तोच दगड दुसऱ्याच्या नकाशात उगवला, की चोर सापडला. आता त्यांनी तेच केलं. चहाला आले आणि वाचलं, "वजिरावजिरी झाली की बत्तिशी गोंधळतो. वजीर पटावरून गेला, की याचे हातपायच गळतात."

हे शुद्ध खोटं होतं. पण ताई दुसऱ्या दिवसापासून हीच उणीव भरून काढायला लागली, आणि पुढच्या पाच डावांत पाचही वेळा बत्तिशीने जाऊन मोजपट्टीच्या वजिरापुढे आपला वजीर उभा केला. 'घे माझा, दे तुझा.' दगड उगवला.

खालच्या मजल्यावर भावजी एकटेच इतके हसले, की समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई विचारायला आल्या. पण वर मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सहाला आले, बसले, वही उघडली.

"बत्तिशी कडेची प्यादी पुढे ढकलायला भितो. ढकलली असती तर मला फार जड गेलं असतं."

ताई कडेची प्यादी ढकलायला लागली. राजाभोवती अशी भगदाडं पडली, की त्यातून बैलगाडी जावी.

"घोडे एकदा बसवले की हलवत नाही. घोडा कसा, सारखा नाचला पाहिजे."

ताईचे घोडे नाचायला लागले. ती घोडे नाचवायची, तोवर मोजपट्टी बाकीचं सैन्य गुपचूप बाहेर काढून उभं करायचा. तीन आठवड्यांत अकराशे पंच्याऐंशीचे हजार वीस झाले. लॅबमध्ये ताईचं तोंड उतरलेलं. "काहीच कळत नाही गं," ती मला म्हणाली. "सांगितलंय तसं सगळं करतेय आणि सगळ्यांकडून मार खातेय. वय झालं बहुतेक माझं."

त्या रविवारी ती घरी रजिस्टर घेऊन बसली होती. यजमान लिफ्टची एक चाकी पुसत होते.

"त्याची वही बघितलीस का कधी नीट?" ते म्हणाले.

"का?"

"पहिली पानं शाईने आहेत. ही तीन आठवड्यांतली पेन्सिलने."

"मग?"

"मोजणीवाले कच्चं पेन्सिलने लिहितात. पक्कं शाईने." चाकी उजेडात धरून त्यांनी ती फिरवून बघितली. "हल्ली तो वाचताना एक पान उलटतो पेन्सिलचं, आणि मागे शाईचं वेगळंच भरत चाललंय."

ताईने रजिस्टर मिटलं. "तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"विचारलं कोणी मला?" यजमान म्हणाले. "आणि खरं सांगू? मजा येत होती."

त्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला भावजी आले. वही उघडली, घसा खाकरला. "बत्तिशी राजाला फार लवकर सुरक्षित जागी नेतो. राजा मध्येच ठेवला असता, तर..."

"भावजी," ताई म्हणाली, "हे पेन्सिलने का लिहिलंय?"

भावजींनी वही हळूच मिटली, मग परत उघडली. त्यांचे कान लाल झाले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" ते म्हणाले.

"सकाळपासून. आणि तुम्हाला?"

"वजिरावजिरीपासून."

मग आधी कोण हसलं यावर त्या घरात अजून वाद आहे. ताईच्या मते भावजी, भावजींच्या मते ताई. यजमान म्हणतात, "मी." एवढं नक्की, की चहा गार झाला, एक बशी फुटली, आणि भावजी डोळे पुसत म्हणाले, "बत्तिशी! दात! अहो, मी तुम्हाला समजावून सांगत होतो की मोहरी बत्तीस असतात म्हणून... आणि तुम्ही मान डोलावत होतात!"

"आता शाईची पानं द्या," ताईने हात पुढे केला.

भावजींनी वही दिली. एक्केचाळीस उणिवा होत्या. प्रत्येकीपुढे तारीख, डावाचा क्रमांक, कुठल्या चालीला किती सेकंद उरले होते तेही. ताईने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिने मला नंतर सांगितलं, की वाचता वाचता तिला कसंतरीच झालं. तेवीस वर्षं ती लोकांच्या तोंडात बसणारी कामं करतेय. वाईट झालं तर परत येतं, चांगलं झालं तर कोणी काही बोलत नाही. तिचं कुठलंही काम इतकं बारकाईने, ओळ न ओळ लावून, आजवर कोणी बघितलं नव्हतं. आणि बघितलं कोणी, तर या माणसाने.

"छान लिहिलंय," एवढंच ती म्हणाली.

"आता माझं सांगा," भावजी म्हणाले. "तुमच्याकडेही असेलच काहीतरी. किती आहेत?"

"एक."

"एकच?" भावजी फुलले.

"तुम्ही समोरच्याने चुकायची वाट बघता. मी चुकले नाही, तर तुमच्याकडे करायला काहीच नसतं."

भावजी फुलले होते ते तसेच राहिले, पण आतली हवा गेली. त्यांनी वही घेतली, चप्पल घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कप मांडून ताई दाराकडे बघत राहिली. "जरा जास्तच लागलं का हो बोललेलं?" तिने यजमानांना विचारलं. यजमान म्हणाले, "मोजत असेल."

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या लॅबच्या दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. तेवीस वर्षांत भावजी पहिल्यांदाच वहिनीच्या कामाच्या जागी आले होते. ताई हातात कालवलेल्या पावडरचं भांडं घेऊन उठलीच.

"शंभर डाव तपासले," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "एकाहत्तर डावांत तुमचं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या एकोणतीसांबद्दल माझा वाद आहे."

"बसा तरी."

"बसतो. पण आधी एक डाव. आत्ता. गोळा व्हायला किती वेळ आहे?"

"सात मिनिटं," ताई म्हणाली. तिने भांड्यावर झाकण ठेवलं.

दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले, हातात आपापले मोबाइल. मी मध्ये उभी. यंत्रं बंद झाली, बाकीचे लोकही जमले. आणि भावजींनी त्या दिवशी जन्मात केलं नव्हतं ते केलं. वाट बघितली नाही. सातव्या चालीला घोडा दिला, तो फुकट, ताईच्या राजाचं दार फोडायला. वजीर आणला, उंट आणला, कडेचा हत्ती आणला, सगळं घेऊन तुटून पडले. कपाळावर घाम. ताईचाही श्वास वर. एका क्षणी तिचा राजा अगदी उघड्यावर आला आणि आमच्यातल्या कोणीतरी "गेली!" म्हणून ओरडलं. पण त्यांचा दिलेला घोडा तिच्या खिशात होता, आणि तिने चारी कोपऱ्यांकडे बघायचं सोडलं नव्हतं. बाविसाव्या चालीला मात झाली. भावजींवर.

भावजी मोबाइलकडे बघत राहिले. मग वळले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसं काही तेच जिंकलेत.

"वहिनी, घाबरलात की नाही? खरं सांगा!"

"घाबरले," ताईने कबूल केलं. "बोटं गार पडली माझी."

"झालं तर मग!" ते म्हणाले आणि उठून टेबलापाशी आले. मेणात बसवलेल्या दातांकडे वाकून, चष्मा वर-खाली करत बघायला लागले. हात पुढे गेला.

"हात नका लावू, मेण मऊ आहे."

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि तसेच उभे राहिले. ताईने भांड्यातला गुलाबी गोळा काढला, हातात मळला, दुसऱ्या एका साच्यात दाबून भरला, कडेने बाहेर आलेला भाग पातीने कापला. अर्धा तास भावजी हललेच नाहीत. एकदाच बोलले. "समोरचे दोन दात जरासे वाकडे का ठेवलेत?"

"माणसाचे असतात तसे," ताई म्हणाली. "अगदी सरळ रांगेत बसवले की खोटे दिसतात."

"असं होय." मग बऱ्याच वेळाने, "बराच विचार करावा लागतो म्हणायचा यात."

ताईने वर बघितलं नाही, पण पाती क्षणभर थांबली.

आता दोघं रोज एकमेकांचे हरलेले डाव तपासतात. ताईचा आकडा बाराशे चाळीस आहे आणि भावजींचा बाराशे साठ, म्हणजे ते पुन्हा पुढे गेलेत. ताई म्हणते, हे तिनेच करून ठेवलंय आणि तिलाच निस्तरायला हवं. गेल्या आठवड्यात ती सलग चार दिवस भावजींबरोबरचे दुपारी साडेतीनचे डाव हरली आणि तिला त्याचं कारण सापडेना. ती रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली. "बाकीच्या वेळी ठीक असतं गं. साडेतीनलाच काय होतं मला?"

मी मान खाली घालून कॅप घासत राहिले. कारण त्या दिवशी लॅबमधून जाताना भावजींनी दाराशी थांबून मला हळूच विचारलं होतं, "वहिनी इथे कधी घाईत असतात का हो?" आणि मी सांगून टाकलं होतं. साडेतीनला दातांच्या डब्या न्यायला माणूस येतो, तेव्हा ताई एका डोळ्याने दाराकडे बघत असते.